नीतिसूत्रे २२:२२-२३ नागपुरी बोलीत: प्रकल्प नोंदी

१८ जून

काम ठरलं. मंडळीतर्फे सुरू होणाऱ्या मोफत कायदा-सल्ला केंद्राच्या दर्शनी भिंतीवर एक वचन लावायचं आहे. केंद्र ९ नोव्हेंबरला उघडेल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, पण तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला, म्हणून हा राष्ट्रीय विधी सेवा दिन. पाळकसाहेबांनी वचन निवडलं आहे: नीतिसूत्रे, अध्याय २२, ओव्या २२ आणि २३. अट एवढीच की दारातून आत येणाऱ्याला ते उभ्या उभ्या वाचता यावं आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकून समजावं. म्हणून मसुदे दोन करायचे, एक प्रमाण मराठीत आणि एक आपल्या नागपुरी-वऱ्हाडीत.

गटात पाळकसाहेब (हिब्रू शिकलेले), दिवाणी कामं चालवणाऱ्या एक वकीलबाई, काटोलकडचे निवृत्त गुरुजी आणि मी. मसुदे आणि नोंदी माझ्याकडे. वकीलबाई बौद्ध आहेत. त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "मला सांभाळून घेत लिहू नका. पुस्तक तुमचं, त्यात जे आहे ते लिहा. कायद्यात घसरलात की मी बसलेलीच आहे."

२५ जून

मूळ मजकूर पाळकसाहेबांनी मोठ्याने वाचला, मी देवनागरीत उतरवून घेतला: अल तिगझोल दाल, की दाल हू, वेअल तदक्के आनी बशाआर. पुढची ओवी: की अदोनाय यारीव रीवाम, वेकावा एत कोवएहेम नाफेश. (परमेश्वराचं लिहिलेलं चार अक्षरी नाव वाचताना 'अदोनाय' म्हणायचं, ही यहुद्यांची रीत पाळकसाहेब कटाक्षाने पाळतात.)

कच्चा अर्थ असा: गरिबाला लुटू नको, तो गरीब आहे म्हणून. दुबळ्याला वेशीत चिरडू नको. कारण परमेश्वर त्यांचा खटला लढवील, आणि त्यांना नागवणाऱ्यांना जिवाने नागवील.

या वचनावर आजवर जी प्रवचनं ऐकली त्यांत ते हमखास दानधर्माकडे वळतं. नाताळात ब्लँकेटवाटप, वगैरे. पण इथे 'दे' असं कुठेच नाही. 'कीव कर' असंही नाही. पहिल्या ओळीत घेऊ नको म्हटलंय, दुसरीत न्यायाची जागा आहे, तिसरीत खटला आणि चौथीत शिक्षा. अख्खं वचन कोर्टात घडतं. मसुदा कसाही झाला तरी यातलं कोर्ट निसटता कामा नये, हे मी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. पाळकसाहेबांनी मान हलवली, पण 'दयाळूपणा' हा शब्द ते अजून मनातून सोडायला तयार नाहीत असं दिसतं.

२ जुलै

पहिलं क्रियापद. हिब्रूत चोरीसाठी दोन वेगळे धातू आहेत. 'गानव' म्हणजे गुपचूप चोरणं, 'गाझल' म्हणजे समोरासमोर हिसकावणं. दुसऱ्या शमुवेलात दाविदाचा एक वीर मिसरी (इजिप्तच्या) माणसाच्या हातातला भालाच हिसकावून घेतो, तिथे हाच धातू आहे. तेव्हा 'चोरू नको' बाद. 'नाडू नको' चांगलं आहे, पण नाडणं हे हळूहळू, अडवून अडवून करायचं काम. मला 'लुटू' हवं.

वकीलबाई म्हणाल्या, दिवसाढवळ्या लुटणं आजकाल कागदावर होतं. कर्ज देताना सावकार गहाणखताऐवजी सरळ विक्रीखत नोंदवून घेतो. सही खरी, साक्षीदार खरे, मुद्रांक खरा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमात, कलम १८ खाली, अशी बळकावलेली मालमत्ता परत मिळवायची सोय आहे. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असला तर जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. "हे माहीत नसलेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा बरेचदा सोळावं वर्ष लागलेलं असतं," असं त्या म्हणाल्या आणि चहा संपवून निघून गेल्या.

'लुटू' पक्कं.

९ जुलै

छोटी नोंद. 'दाल' हा हिब्रू शब्द आणि आपला 'दलित' एकच, असं एक फॉरवर्ड गटातल्या कुणाला तरी आलं. नाही. 'दलित' संस्कृत 'दल्' धातूवरून, म्हणजे फोडणं, तुडवणं. हिब्रू 'दाल' म्हणजे रोडावलेला, खंगलेला. योसेफाच्या गोष्टीत फारोच्या स्वप्नातल्या हडकुळ्या गाईंना हाच शब्द लावलाय. योगायोग गोड आहे, पण फलकावर योगायोग लावायचा नाही. वकीलबाईंचं मत याहून कडक: "आमच्या शब्दाला इतिहास आहे, त्याला उसना आजोबा नको."

'दाल'साठी 'नादार' सुचवलं गेलं. कोर्टात हा रोजचा शब्द आहे: कोर्ट फी भरायची ऐपत नसलेला माणूस दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३३ खाली नादार म्हणून दावा लावू शकतो. गुरुजींना शाळेतली नादारी आठवली. फी माफ झालेल्या पोरांची यादी वर्गात मोठ्याने वाचत, तेव्हा खाली माना घालून बसणाऱ्यांत तेही होते. शब्द नेमका, पण लागट. शेवटी 'गरीब'च ठेवला.

१६ जुलै

आज पूर्ण बैठक एका शब्दावर: बशाआर, वेशीत.

आधी वस्तुस्थिती. प्राचीन इस्राएलात नगराची वेस हेच न्यायाचं ठिकाण. रूथच्या चौथ्या अध्यायात बवाज वेशीत जाऊन बसतो, दहा वडीलधारी बोलावून घेतो आणि तिथल्या तिथे जमिनीचा आणि लग्नाचा निकाल लागतो. संदेष्टा आमोस ओरडून सांगतो की वेशीत न्याय प्रस्थापित करा. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात 'तुझ्या सर्व वेशींत न्यायाधीश नेम' अशी आज्ञा आहे. उत्खननात तेल दानच्या वेशीजवळ दगडी बाक सापडलेत. म्हणजे लोक खरोखर तिथे बसत. शेतावर जाणारा, बाजाराला आलेला, परगावचा, सगळे तिथूनच जाणार. निवाडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

छापील मराठी बायबलात 'वेस' आहे आणि ते अचूक आहे. अडचण आहे ती वाचणाऱ्याच्या बाजूने. आपल्या मराठीत वेशीला न्याय जोडलेला नाही, वेशीवर टांगली जातात ती लक्तरं. गुरुजींनी त्यांच्या गल्लीतल्या एका आजींना 'वेशीत दुबळ्याले चिरडू नको' वाचून दाखवलं. त्यांनी लावलेला अर्थ असा: गावात शिरताना गाडी हळू चालवा. हसून सोडून देण्यासारखं नाही हे. केंद्रात येणारी बाई त्याच वयाची असणार.

नागपूरच्या महाल भागातून जाताना गांधी गेट लागतो, जुना जुम्मा दरवाजा. भोसल्यांच्या नागपूरची ती वेसच. आज त्याखालून ऑटो, हातगाड्या, शाळेची पोरं जातात. तिथे कुणी निवाडा मागायला थांबावं असं कुणाच्या मनातही येत नाही.

पर्याय मांडले. 'चावडीवर' हा गुरुजींचा लाडका. गावाकडे लगेच कळतो, आणि त्यात एक खोच आहे की चावडी पाटलाची, म्हणजे जिथे दाद मागायची तिथेच दाबणारा बसलेला. पण शहरातल्या झोपडपट्टीत वाढलेल्या तिशीच्या पोराला चावडी फक्त मालिकेत दिसते. 'न्यायाच्या दारात' हा पाळकसाहेबांचा. वकीलबाईंनी नाक मुरडलं, "भाषण वाटतं. न्यायाला दार कुठे असतं? कोर्टाला असतं."

निर्णय झाला नाही. वकीलबाई म्हणाल्या, आधी एक दिवस माझ्याबरोबर चला, दार बघा, मग शब्द ठरवा.

२३ जुलै

गेलो. कोणतं कोर्ट ते लिहीत नाही, कुठेही हेच दिसलं असतं. व्हरांड्यात दोन बाकडी, त्यांवर पिशव्या ठेवून बायका खाली बसलेल्या. भिंतीवर बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी, आणि बोर्डासमोर माना वर करून उभी असलेली माणसं. ज्याला वाचता येत नाही तो शेजाऱ्याला चिठ्ठी दाखवतो, शेजारी बोट ठेवून नंबर सांगतो. नंबर कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही.

दारात पट्टेवाला. तो नाव पुकारतो. आडनाव आधी, मग नाव, मग 'हाजिर'. तीनदा. आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातो, जिन्यापर्यंत जातो, पण खाली झेरॉक्सच्या रांगेत पोचत नाही. एका पुकाऱ्याला कुणीच आलं नाही. दहाएक मिनिटांनी पासष्टीचा एक माणूस धापा टाकत वर आला, हातात गरम गरम प्रती, कागदाची शाई अजून बोटाला लागत होती. रोजनाम्यावर 'वादी गैरहजर' अशी नोंद होऊन दावा खारीज झाला होता. त्या प्रती त्याला त्याच्याच वकिलाने आणायला सांगितल्या होत्या.

वकीलबाईंनी त्याला बाजूला घेऊन समजावलं: दावा मेलेला नाही, ऑर्डर ९ खाली पुन्हा फायलीवर घ्यायचा अर्ज करा, ३० दिवसांच्या आत करा, कारण खरं लिहा. तो 'हो बाई, हो बाई' म्हणत होता, पण त्याचं लक्ष त्या दाराकडेच.

परतीच्या वाटेवर मी वचन मनात म्हणून पाहिलं. कुणी मुद्दाम त्याला चिरडलं असं म्हणता येत नाही. पट्टेवाल्याने पुकारलं, न्यायाधीशांनी नियम पाळला. आणि तरी रोजी बुडवून आलेला माणूस दारातच संपला होता. 'तदक्के' या क्रियापदात पाय देऊन चूर करणं आहे. पाय कुणाचा ते वचन सांगत नाही.

शब्द ठरला: 'कोर्टाच्या दारात'. प्रमाण मसुद्यात मात्र 'वेस' ठेवायची, सोबत 'न्यायनिवाड्याच्या' असा आधार देऊन.

६ ऑगस्ट

पाळकसाहेबांना जुने अनुवाद बघायचे होते, म्हणून आजचा दिवस त्यात. मराठी बायबलाची सुरुवात बंगालात, श्रीरामपूरला, विल्यम कॅरींकडे. फोर्ट विल्यम कॉलेजातले मराठीचे पंडित वैजनाथ त्यांचे मदतनीस. त्यांचं मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये छापून निघालं.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मात्र वेगळ्या वजनाची. रूढ मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, साध्या बाईला ते कळत नाही, या एकाच कारणासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल एकट्याने मराठीत आणलं. खिळे जुळवायचं, छपाईचं काम केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी केलं. एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. आमचं दोन ओव्यांचं काम सात आठवडे चाललंय, हे पाळकसाहेबांनी हळूच लक्षात आणून दिलं.

आणखी एक धागा, मिसरचा. आमेनेमोपेचा उपदेश नावाची पपायरस गुंडाळी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इंग्रज अभ्यासक बजने ती १९२३ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढच्याच वर्षी जर्मन अभ्यासक एर्मानने दाखवून दिलं की नीतिसूत्रांच्या २२ व्या अध्यायातला मोठा भाग तिच्याशी जुळतो. तिच्यातही गांजलेल्याला लुटू नको, दुबळ्यावर जोर करू नको, अशी ओळ आहे. म्हणजे हा उपदेश आपल्या बायबलाच्याही आधीचा, शेजारच्या देशातल्या कारकुनांनी घोटलेला. त्या मिसरी ओळीत वेस नाही. वेस इस्राएलातल्या कुणीतरी घातली. कोण होता ते कळायला मार्ग नाही, पण त्याने कधीतरी वेशीत बसून पाहिलं असणार.

१३ ऑगस्ट

'की दाल हू', तो गरीब आहे म्हणून. गुरुजींनी मसुदा वाचला: 'गरिबाला गरीब आहे म्हणून लुटू नको.' मग चष्म्यावरून बघत, "म्हंजे दुसऱ्या कारनासाठी लुटला तं चालते का?"

मराठीत 'म्हणून ... नको' अशी रचना दोन्हीकडे झुकते, आणि हिब्रूही तशीच आहे. अर्थ असा की तो गरीब आहे, त्याच्या मागे कुणी नाही, हाच लुटणाऱ्याचा भरवसा. तो भरवसा धरू नको. बोलीत यासाठी तयार वाक्य होतं आणि ते गुरुजींच्याच तोंडून आलं: 'याले कोन पुसते!' सातबाऱ्यावरचं नाव कापताना, मजुरी अडवताना, म्हातारीला घराबाहेर काढताना नेमकं हेच म्हटलं जातं. बोली मसुद्यात ते घातलं. पाळकसाहेबांची हरकत नोंदवून ठेवतो: मुळात नसलेले शब्द. माझं म्हणणं, मुळात असलेला अर्थ. प्रमाण मसुदा त्यांच्या मनासारखा राहील.

२० ऑगस्ट

'यारीव रीवाम.' एकाच धातूचं क्रियापद आणि नाम, 'खटला खटल्यासारखा लढवील' असं काहीसं. बहुतेक ठिकाणी 'कैवार घेईल' असं ऐकू येतं. कैवार हा शब्द छान आहे, पण त्यात थोरला भाऊ येतो, पाठीवर हात येतो, कोर्ट जातं.

माझा प्रस्ताव: 'वकीलपत्र घेईल'. वकीलबाई आधी बिचकल्या. बोलताना आपण 'तू कशाला त्याचं वकीलपत्र घेतोस?' हे टोमण्यानेच म्हणतो. पण मग त्यांनी स्वतःच बाजू मांडली. वकीलपत्र हा खरा कागद आहे, त्यावर पक्षकाराची सही किंवा अंगठा लागतो, तो दाखल झाला की पुकाऱ्याला उत्तर द्यायला कुणीतरी उभा असतो. "त्या दिवशी तो झेरॉक्सवाला माणूस वर येईपर्यंत त्याच्या वतीने कुणी 'हजर' म्हटलं असतं तर दावा वाचला असता. यात टोमणा कसला?"

पाळकसाहेबांची शंका मात्र खोल होती. वेशीत न्यायाधीश माणसं, मग परमेश्वर वकील कसा? तो तर न्यायाधीश. त्यांनीच पुढे उत्तर दिलं की नीतिसूत्रांच्या पुढच्याच अध्यायात, पोरक्यांच्या शेताबद्दल, त्यांचा सोडवणारा बळकट आहे, तोच त्यांचा खटला लढवील, असं पुन्हा येतं. तिथेही तो खुर्चीवर बसलेला नाही, फिर्यादीशेजारी उभा आहे.

३१ ऑगस्ट

परवा पोळा, त्यानंतर मारबत, म्हणजे काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, पुढचा आठवडा महालाकडे कुणी फिरकू शकणार नाही, म्हणून आजच चौथी ओळ उरकायला बसलो. उरकली नाही.

'वेकावा एत कोवएहेम नाफेश.' 'कावा' हा धातू फार विरळा. मलाखीत 'मनुष्य देवाला ठकवील काय' या ठिकाणी भेटतो. इथे तो दोनदा लागोपाठ येतो: नागवणाऱ्यांना नागवील. आणि काय नागवील, तर 'नाफेश', जीव. सगळ्यांना ही ओळ मऊ करायची होती. 'योग्य शासन करील', 'हिशेब मागेल'. कायदा केंद्राच्या भिंतीवर 'जीव घेईल' कसं लिहायचं, समोरची पार्टी पण आत येईल की, अशीही काळजी.

मी अडून बसलो. सौम्य करायची तर आख्खं वचनच बदला. मारबतीला अख्खं नागपूर रस्त्यावर उतरून 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत काळी-पिवळी जाळायला नेतं, बडग्यांवर, म्हणजे मिरवणुकीतल्या पुतळ्यांवर, भ्रष्टाचाऱ्यांचे मुखवटे चढवतं, तेव्हा या शहराला कडक भाषा झेपत नाही असं कुणी म्हणू नये. गुरुजी म्हणाले, "जिवानिशी." तो शब्द बसला. 'जिवानिशी नागवील.' मारतो असंही थेट नाही, सुटतो असंही नाही.

२१ सप्टेंबर

बोली मसुदा संध्याकाळच्या प्रार्थनासभेत वाचून पाहिला. पहिल्या ओळीला लोक हसले. मागच्या बाकावरची पोट्टी तर खिदळलीच. वऱ्हाडी ऐकली की विनोद येणार, ही सवय नाटकांनी आणि मोबाईलवरच्या क्लिपांनी लावून ठेवलीय. दुसऱ्या ओळीला हसू कमी झालं, चौथीला कुणी हसलं नाही.

बोली सोडून द्यायची का, असा प्रश्न निघाला. माझ्या मते हसण्याचा भार वाचणाऱ्यावर होता. तरुण मुलाने वाचलं, अभिनय करून. पुढच्या वेळी एका भाजीवाल्या मावशींनी वाचलं, जशा त्या रोज बोलतात तशा. शांतपणे ऐकलं गेलं. आणि नागपुरात मिशनऱ्यांनी बोलीला कान देणं हे काही नवं नाही: स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये नदीत बुडून गेले, त्यांनी टिपून ठेवलेलं गोंडी साहित्य १८६६ मध्ये छापलं गेलं.

१२ ऑक्टोबर

केंद्रात मदतीला येणाऱ्या एका मुलाने विचारलं, म्हणजे आपण नेहमी गरिबाच्याच बाजूने? पाळकसाहेबांनी निर्गम २३ काढून दिलं. तिसऱ्या ओवीत गरिबाच्या वादात त्याचा पक्षपात करू नको, सहाव्या ओवीत गरिबाच्या वादात न्याय विपरीत करू नको. मध्ये दोनच ओव्या. वकीलबाईंनी ते पान फोनवर टिपून घेतलं. त्या म्हणाल्या, विधी सेवा कायद्याच्या कलम १२ चाही सूर असाच आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीत असलेले, यांना वकील मिळतो, निकाल मिळत नाही. सल्लागारांच्या टेबलावर दोन्ही ओव्यांची चिठ्ठी ठेवायची आहे.

२६ ऑक्टोबर

अंतिम मजकूर.

प्रमाण: गरीब आहे म्हणून गरिबाला लुटू नको, आणि न्यायनिवाड्याच्या वेशीत दुबळ्याला रगडू नको, कारण परमेश्वर त्यांचा दावा लढवील आणि त्यांना नागवणाऱ्यांना जिवानिशी नागवील.

बोली: गरीब हाये, याले कोन पुसते, म्हून कोनाले लुटू नोको. कोर्टाच्या दारात दुबळ्याले रगडू नोको. काऊन का त्यायचं वकीलपत्र परमेश्वर घेईन, अन् त्यायले नागवनाऱ्याले जिवानिशी नागवीन.

दर्शनी भिंतीवर बोली, आत प्रमाण. फ्लेक्स नको, रंगवून घ्यायचं ठरलं. उन्हाळ्यात फ्लेक्सचा रंग उडतो. पेंटरने 'काऊन'चं 'कारण' करून आणलं होतं, त्याला चुकीचं वाटलं म्हणून. परत पाठवलं.

शेवटचा वाद बोलीखाली १५१०० हा विधी सेवेचा टोल-फ्री नंबर लिहायचा की नाही यावर. पाळकसाहेबांना वचनाखाली फोन नंबर नको होता. वकीलबाई म्हणाल्या, वकीलपत्र घेईन असं वर लिहिलंय, मग कुठे फोन लावायचा ते खाली नको? नंबर राहिला, वचनाच्या अक्षरांहून लहान, पण उंची अशी की बाकड्यावर बसलेल्याच्या डोळ्यांसमोर येईल. पेंटर सोमवारी येतो म्हणाला आहे. ॲडव्हान्स दिला, पावती फायलीत.